संदर्भ क्रमांक सतरा

"चार वाजता समिती बसते, बाई. साडेचारले माह्यी पीएच.डी. गेली समजा!" पौर्णिमानं दोन जाड बाडं टेबलावर आदळली.

वाशीममध्ये रत्नमालाबाईंचा खाजगी तपासाचा धंदा मुख्यतः लग्नाच्या स्थळांवर चाले. पोरगा पितो का, शेत सांगितलं तेवढं आहे का. चोरीचा प्रबंध पहिल्यांदाच आला होता. त्यांचा सहायक ग्यानबा त्या बाडांकडे वीजबिलाकडे पाहावं तसा पाहत होता.

पौर्णिमाचा विषय मानोऱ्याकडच्या तांड्यांचं हंगामी स्थलांतर. प्रबंधातलं तिसरं प्रकरण शब्दशः एका निनावी संकेतस्थळावर सापडलं. लेखावर तारीख जून २०२१ची, प्रबंध २०२४चा. मग कॉलेजला पत्र आलं, तेही निनावी: मुलगी चोर आहे.

"लेखाची संदर्भसूची वाच," बाई म्हणाल्या.

पौर्णिमानं आणलेली लेखाची छापील प्रत घेऊन ग्यानबा वाचू लागला. "सतरा. तांड्यांची यादी, संकेतस्थळ. पाहिले: ३१ एप्रिल २०२१. अठरा... हे 'पाहिले' कायले लिहिते?"

"इंटरनेटवरचं पान बदलते, गायबही होते. म्हणून कोणत्या दिवशी पाहिलं ते लिहा लागते," पौर्णिमा म्हणाली. "माह्या प्रबंधातही दिवस-महिने बहुतेक हेच. साल तेवढं २०२४."

"कच्चा मसुदा कोणाले दिला होता?"

"दोघांलेच. मार्गदर्शक राऊत सर अन् संगं शिकणारी रुचिका. मग दुरुस्त्या करून पक्की प्रत जमा केली. हे दुसरं बाड सरांनी परत केलेला मसुदा."

बाईंनी ते पानापानानं चाळलं. लाल शाई फक्त चौऱ्याण्णवाव्या पानावर होती. तिथल्या तळटीपेत लिहिलं होतं, 'राऊत यांच्या पुस्तकात दिलेल्या नऊ संकेतस्थळांपैकी सहा ठिकाणी असा मजकूर आढळला नाही.' बाजूला लाल अक्षरं: काढून टाका!

"काढलं?"

"नाही. काहून काढू?"

बाईंनी सतराव्या संदर्भातलं संकेतस्थळ चालवणाऱ्या गोविंदसिंगला फोन लावला. "यादी कधी टाकली, भाऊ?"

"तेवीस सालच्या होळीले. पोट्टे तोडणीवरून घरी आलते, तवा बसून बनवली. काहून?"

"काही नाही. चांगली बनवली."

रुचिका कॉलेजच्या कँटीनमध्ये भेटली. "तिची वकिली कराले आल्या? बुडू द्या तिले. लई शहाणी समजते स्वतःले."

"मसुदा वाचला होता?"

"ओळ न् ओळ! अठ्ठावीस चुका काढल्या. सतराव्या संदर्भाची तारीख पाहून तर मी हसलीच. चार दिवस बोलली नाही माह्याशी, पण दुरुस्त केलं."

राऊत सरांनी बसायलाही सांगितलं नाही. "माझ्या विद्यार्थिनीनं मलाच फसवलं."

"मसुदा वाचला होता ना, सर?"

"अक्षर न् अक्षर. निघा आता."

बाहेर येताच ग्यानबा म्हणाला, "त्या पोरीनंच केलं, बाई. किती जळते!"

"जळते, म्हणूनच वाचते," बाई म्हणाल्या.

चार वाजता समिती बसली; राऊत आणि रुचिकालाही बोलावलं होतं. बाईंनी लेख पुढे ठेवला. "यात लिहिलंय की तांड्यांची यादी २०२१मध्ये पाहिली. ती इंटरनेटवर आली २०२३मध्ये. यादी बनवणारा फोनवर आहे, विचारा. म्हणजे लेख नंतर लिहून मागची तारीख टाकली. पौर्णिमाच्या सूचीतून प्रत्येक सालातले तीन वजा केले, झालं."

"कोणी?" अध्यक्षांनी विचारलं.

"एप्रिलला किती दिवस असतात, साहेब? लेखात एकतीस आहे. पक्क्या प्रतीत तीस. एकतीस फक्त कच्च्या मसुद्यात, अन् तो दोघांकडेच होता. रुचिकानं ही चूक स्वतः पकडली. ती चूक तशीच ठेवून चोरी करणार नाही. राहिलं कोण? ज्यानं मसुदा वाचलाच नाही तो. दीडशे पानांत त्याची शाई एकाच पानावर आहे, जिथं त्याच्या पुस्तकाचं खोटं निघालं."

राऊत उसळले. "मी अक्षर न् अक्षर वाचलंय!"

"मग प्रबंधाचा निष्कर्ष सांगा. दोनच वाक्यांत."

राऊतांनी पाण्याचा ग्लास उचलला. प्यायले. पुन्हा उचलला; तो रिकामा होता. रुचिका मोठ्यांदा हसली.

अध्यक्षांनी कागद गोळा केले. "पौर्णिमा, तुमच्यावरचा आरोप रद्द. काही म्हणायचंय?"

"मले दुसरा मार्गदर्शक पाहिजे," ती म्हणाली. "शिव्या दिल्या तरी चालते. फक्त वाचणारा द्या."