टिटवीसाठी उतारा

"शूऽऽ! बोलू नका, पाखरं उडतील!" रमाकांतकाका एवढ्या मोठ्यांदा ओरडले, की पळसावरच्या सगळ्या साळुंक्या भुर्रकन उडाल्या!

यशश्री, निहार आणि कुशल तोंड दाबून हसले. प्रतापनगरच्या रेल्वे कॉलनीतली मोठी माणसं सकाळी पाखरं-फुलं बघायला निघाली होती. काका म्होरके! मुलांकडे काम काय, तर नाश्त्याची पिशवी उचलायची. तिघांचे पाय नुसते शिवशिवत होते.

मैदानाच्या कडेला खडी पसरली होती. तिथे येताच एक टिटवी किंचाळत थेट निहारच्या टोपीवर झेपावली.

"आई गं! वेडी झालीय ही!"

"तुम्हीच दंगा केला असणार. मागे व्हा!" म्हणत काका कॅमेरा घेऊन पळसाकडे गेले.

"मागे सरकलं की ती गप्प बसते," यशश्री म्हणाली. "पुढे गेलं की पुन्हा सुरू! इथे काहीतरी आहे."

तिघं जपून पाऊल टाकत शोधू लागले. खडीतच अंडी होती! रंग हुबेहूब खडीचा.

इतक्यात रोलर ओढत ट्रॅक्टर धडधडत आला. संध्याकाळच्या क्रिकेटसाठी कॉलनीतले धनाजीराव ट्रॅक्टरवाल्याकडून मैदान सपाट करून घेत होते.

"थांबा! इथे अंडी आहेत!" यशश्री आडवी आली.

"कुठे? मला तर दगडच दिसतात!" धनाजीरावांनी यशश्रीला दंडाला धरून बाजूला केलं.

कुशल काकांकडे धावला. "आत्ता नाही रे! फोकस हलतो!"

यशश्रीला रडूच फुटलं. टिटवी जिवाच्या आकांताने ओरडत होती.

निहारला एकदम आठवलं. कॉलनीच्या चौकात लिंबू-मिरच्या पडलेल्या दिसल्या, की धनाजीराव स्कूटर वळवून लांबच्या रस्त्याने जातात! त्याने पिशवी उलटी केली. सरबताचं लिंबू, गाठियांबरोबरच्या तळलेल्या मिरच्या, यशश्रीची लाल रिबन, वर पळसाची फुलं. अंड्यांपुढे मांडणी झकास!

"धनाजीराव, हे काय हो पडलंय?"

धनाजीराव जागच्या जागी उडाले. "अरे देवा, उतारा!" ते ट्रॅक्टरवाल्याला गुजरातीत ओरडले, "ऊभुं राख, भाई! ऊभुं राख!"

ट्रॅक्टर थांबला.

गोंधळ ऐकून काका आले. खडीवर कॅमेरा रोखला आणि बघतच राहिले. "टिटवीचं घरटं! मी जन्मात पाहिलं नव्हतं. आणि तुम्हालाच मागे पिटाळलं! चुकलंच माझं. शाब्बास, पोरांनो!"

"उतारा खोटा होता," निहारने कबूल केलं. "लिंबू आपल्याच सरबताचं आहे."

धनाजीराव पोट धरून हसले. "वस्ताद आहात!" त्यांनी अंड्यांभोवती चुन्याचं मोठं रिंगण आखून घेतलं. लिंबाला मात्र हात लावला नाही. "असू दे खोटा. तूच उचल, बाबा!"

पण टिटवी परत येऊन अंड्यांवर बसली होती, आणि ती कुणालाच जवळ येऊ देईना! मग सगळ्यांनी बिनलिंबाचं सरबत प्यायलं.

"झकास झालंय," काका म्हणाले. अगदी कुजबुजत.