गाळाच्या विहिरीवरचे बूट

"आमच्या यायनं खून नाही केला," वच्छला दारातच म्हणाली. "पण पोलिसांपुढं कबूल केलं. उद्या कोर्टात नेऊन राहिले त्यायले."

कबूल केलं म्हणजे केलंच की, असं गोपाळरावांना वाटलं. त्यांचे मित्र मनोहरराव, खाजगी गुप्तहेर, मात्र टोपी घालून उभे राहिले.

बेसा गावापलीकडे शेतांमध्ये सांडपाणी शुद्ध करण्याचं केंद्र होतं. तिथल्या गाळाच्या विहिरीत ऑपरेटर शालिकरामचं प्रेत सापडलं होतं. काठावर त्याचे गमबूट शेजारी शेजारी ठेवलेले. उतरताना पाय घसरला म्हणावं, तर डोक्यामागे पहारीचा घाव. त्याचा कामावरचा जोडीदार मुकुंद, म्हणजे वच्छलेचा नवरा, आदल्याच दिवशी त्याच्याशी भांडला होता. पोलिसांना तेवढं पुरलं.

ओव्हरसिअर नाकाला रुमाल लावून बोलले. "मी ऑफिसात होतो. शालिकराम हट्टी. न निवळलेलं पाणी कुणी वावरात घेतलं की पाटाचं दार बंद करायचा." विहीर दाखवताना ते बुटांसकट शिडीवर पाय ठेवून वाकले.

शेजारच्या वावरात देवरावचा पालक पिवळा पडला होता. तो वाफ्यातून बाहेर आला आणि त्यानं बांधावर काढलेल्या वाहणा पायात घातल्या.

"पाणी बंद केलं होतं गा त्यानं. पण मी त्याले काहून मारू?"

मनोहररावांनी इन्स्पेक्टरला विहिरीपाशी बोलावलं, देवरावलाही.

"पहार सापडत नाही. जरा उतरून पाहता?"

देवरावनं काठाशी वाहणा काढल्या, नीट शेजारी शेजारी ठेवल्या आणि शिडीवर पाय टाकला.

"थांबा," मनोहरराव म्हणाले. "गाळात काचा असतात, पत्रे असतात. इथला माणूस उतरताना बूट घालतो, काढत नाही. शालिकराम उतरलाच नव्हता. त्याला वरच मारलं, बूट काढले आणि आत ढकललं. तो आपणहून उतरला असं दिसावं म्हणून. मुकुंद किंवा ओव्हरसिअर अशी चूक करणार नाहीत. वाहणा घालून विहिरीत उतरू नये, हे ज्याच्या हाडीमासी खिळलंय, त्यालाच हीसुद्धा विहीर वाटली."

देवराव काठावरच बसला.

"किती मिन्नत केली त्याची. म्हणे, या पाण्याचा पालक खाऊन लोकायची लेकरं मरतीन. माह्या लेकरायचं कोणाले पडलं होतं?"



संध्याकाळी मुकुंदला जीपमधून दोघा शिपायांनी धरून उतरवलं. त्याला चालता येत नव्हतं. वच्छला पुढे झाली. खुनी सापडला, तू सुटलास, असं इन्स्पेक्टरनं त्याला दोनदा सांगितलं. तरी मुकुंद हात जोडून म्हणतच राहिला, "मीच मारलं साहेब. मीच मारलं."