सामाजी, जात तेली

दिव्यानी, दार लोटून घे, मग सांगतो. ऐकीव नाही हे. आपल्या नानाजीवर गुदरलेलं आहे. वडशाकडल्या एका तहसील कचेरीत तो जुनी दप्तरं सांभाळायचा. एकवीस नोव्हेंबर दोन हजार चोवीस. गुरुवार होता.

सकाळीच ठाण्याहून हन्ना वाकरूळकर नावाच्या बाई आल्या. पन्नाशीच्या, एकट्या. कोकणातले ज्यू; घरी मराठीच. त्यांचे आजोबा सामुएल इकडे रेल्वेत तारबाबू होते. त्रेचाळीस साली तापानं गेले. आजी चार वर्षांच्या पोराला घेऊन कोकणात परतली. तो पोरगा, म्हणजे बाईंचे वडील, चोवीसच्याच उन्हाळ्यात वारले. आपल्या बापाला कुठं पुरलं, एवढंच ते शेवटपर्यंत विचारत होते.

कोतवाल बुकात, म्हणजे जन्ममृत्यूच्या जुन्या वहीत, सामुएल सापडेना. चार वाजता नानाजीनं विचारलं, "बाई, तुमाले गावाकडं लोक काय म्हणत?"

"शनवार तेली. आमचे लोक तेल गाळत, शनिवारी घाणा बंद ठेवत. आजोबांना घरी सामाजी म्हणायचे."

"मंग असं सांगा ना! सकाळपासून त्या सामाजीले दोनदा ओलांडलं मी!"

सामाजी, जात तेली, ताप. खाली शेरा: बोडीजवळ पुरले.

बाई उद्यावर थांबायला तयार नव्हत्या. कचेरी सुटल्यावर नानाजीनं स्कूटर काढली. वहीतल्या त्या गावी पोचेस्तोवर साडेसात. चंद्र उगवायचा होता. बोडी म्हणजे गावचं तळंच, एकरभर पसरलेलं. नेमकी जागा कोण सांगणार?

बाई पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर उभ्या राहिल्या. खाली धानाची शेतं, बांध्या. "गेलेल्या माणसासाठीची ही प्रार्थना दहा पुरुषांत म्हणायची असते, भाऊ. आमच्या घरात आता मीच उरले."

"मी हावो ना. मले काय म्हणा लागते?"

"मी थांबले की आमेन म्हणा."

त्या थांबल्या. नानाजी म्हणाला, "आमेन."

पुन्हा थांबल्या. "आमेन."

तिसऱ्यांदा नानाजीला ठसका लागला. शब्द निघालाच नाही.

"आमेन..."

मागून. पाळीखालच्या धानाच्या बांधीतून.

रातकिडे गप्प. बाई पुढं म्हणत गेल्या. शेवटी थांबल्या...

नानाजीनं ओठ घट्ट मिटले.

"आमेन."

पुरुषाचा आवाज. तरणा. अगदी जमिनीलगत.

टॉर्च मारला. कापलेलं धान. कोणी नाही...

रात्र त्यांनी गावातल्या पत्रू मासेमाराच्या ओसरीवर काढली. झोप कुणालाच नाही. उजाडताच बाई बांधीत उतरल्या, नानाजी मागोमाग. धानाचे खुंट दवानं निथळत होते, पाय पोटऱ्यांपर्यंत भिजले. मधोमध एक पट्टा तेवढा कोरडा. माणसाएवढा लांब.

बाई त्याच्या कडेला खाली बसल्या. बराच वेळ.

नानाजी मागल्या आठवड्यात पुन्हा जाऊन आला. यंदाही दव पडतंय, म्हणतो. तेवढी जागा सोडून.