गच्चीवरची खळ

"हवा मोजायला आलेय," जिन्यात यंत्र सावरत ती म्हणाली.

"मोजा की. हवा फुकटच आहे!" पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरने हसत तिचं ओझं उचललं. पुठ्ठे चिकटवायची खळ त्याच्या हातांना होती, ती तिच्या बोटांना लागली... आणि तिने पुसायची घाई केली नाही.

शेजारच्या विमानतळाला आणखी एक धावपट्टी हवी होती. ती वस्तीला खेटून येऊ द्यायची का, हे तिच्या अहवालावर ठरणार होतं. बाइंडरच्या आईला दमा. त्यामुळे हवावालीची वाट आई देवाची पाहावी तशी पाहायची. लेकाची तऱ्हा मात्र वेगळी होती.

गच्चीवर बसवलेल्या यंत्राचा आकडा तिला कचेरीत दिसायचा आणि तो भरदुपारी अचानक चढायचा. तपासायला ती धावत यावी, तर बाइंडर भांग पाडून दारात हजर!

"आज विमानांनी कहर केला हो."

"दुपारी विमानं तुरळक असतात."

"मग... वारा असेल."

"आणि चहा आधीच तयार कसा असतो?"

"अंदाज –" तो लाजला.

पाणी कुठेतरी मुरत होतं. एकदा ती न कळवताच आली. टाकीच्या आडोशाला कोळशाची शेगडी, तिच्यावर खळीचं पातेलं आणि धूर थेट यंत्राकडे ढकलत पुठ्ठ्याने वारा घालणारा बाइंडर!

"आकडा चढला की तुम्ही येता... म्हणून."

तिला आधी गोड वाटलं, मग संताप आला. "अहो, इथली सगळी मोजणी बाद! आता विमानतळवाले म्हणतील, धूर तुमच्याच शेगडीचा. एका चहासाठी आईंचा श्वास पणाला लावलात?"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने निखाऱ्यांवर पाणी ओतलं. "चूक माझी. मी तुमच्या साहेबांसमोर कबूल करीन. यंत्र दुसऱ्या गच्चीवर न्या... मी समोर येणार नाही."

जिन्यातून आईचा आवाज आला, "आगीशिवाय धूर निघत नाही, मी केव्हाची म्हणतेय!"

रागावलेली ती खुदकन हसली. "मुदत वाढवून मागते. मोजणी पुन्हा पहिल्यापासून. कारण खरं लिहीन."

"खरं?"

"गच्चीवर खळ शिजत होती. पुढचं काही सरकारी नाही."

खळ निवल्यावर बाइंडरने पातेलं उचललं. "शेगडी खाली नेली, तर आकडा चढणार नाही. मग तुम्ही कशाला याल?"

"तू बोलावशील म्हणून."

त्या 'तू'ने पातेलं कलंडलं. ती सावरायला धावली आणि दोघांचे हात खळीत माखले. सोडवून घ्यायची घाई या वेळीही कुणाला नव्हती.