शेवटचा खण

ही घटना माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत घडली आहे. माझ्या मनाचं मी यात काहीही घातलेलं नाही. फक्त गावाचं नाव देत नाही, कारण तिथल्या लोकांनीच तशी विनंती केली.

१७ ऑक्टोबर २०२३. मंगळवार. दुपारचे पावणेचार.

बाहेर लख्ख ऊन होतं.

उत्कर्षाताई आर्किटेक्ट आहे, कोथरूडला राहते. हिंजवडीच्या पुढच्या एका गावात जुनं दगडी चर्च आहे. आयटीतली कुटुंबं राहायला आली आणि रविवारच्या उपासनेला जागा पुरेना. म्हणून वेदीसमोरची भिंत पाडून चर्च एका खणाने, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतराएवढं, लांब करायचं ठरलं होतं. ताई मापं घ्यायला गेली होती.

कमिटीचे सेक्रेटरी इंद्रजीत साळवे यांनी कुलूप उघडलं. मूळ चर्च १९४७च्या पावसाळ्यात पडलं आणि चार वर्षांनी त्याच दगडांतून पुन्हा बांधलं, असं त्यांनी सांगितलं. पण बांधताना एक खण कमी केला.

का, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

"दगड कमी पडले असतील," असं म्हणून ते फोनवर बोलत बाहेर गेले.

ताई आत एकटीच राहिली.

तिला एक गोष्ट खटकली. चर्चचं मोठं दार बहुतेक वेदीच्या बरोबर समोर असतं. इथे समोर नुसती भिंत होती. दार नाही, खिडकी नाही. ये-जा बाजूच्या लहान दारातून.

तिने अंतर मोजायचा लेझर मीटर वेदीजवळ ठेवला आणि समोरच्या भिंतीवर रोखला.

१८.६०.

टेपने तिने तेच अंतर आधी मोजलं होतं. चौदा मीटर दहा.

तिने पुन्हा बटण दाबलं. १८.६०. मग तिचं लक्ष भिंतीकडे गेलं...

लेझरचा लाल ठिपका भिंतीवर नव्हताच.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. लाकडी बाकांची करकर. बरीच माणसं एकदम उठून उभी राहतात, तशी.

पलीकडे मोकळं गवत होतं. ती येताना तिथूनच आली होती.

मीटर चालूच होता. आकडा बदलला...

१७.२०.

१५.८०.

१४.१०.

इथे भिंत होती. इथे तरी थांबायला हवं होतं.

१२.७०.

समोर काही नव्हतं. रिकामे बाक, खिडकीतून आलेलं ऊन. आणि आकडा सावकाश, कोणी पावलं टाकत यावं तसा कमी होत होता.

आकडा चार मीटरच्या आत आल्यावर ताई मीटर तिथेच टाकून बाहेर पळाली.

पायरीवर सत्यशीलाबाई बसल्या होत्या. वय चौऱ्याऐंशी, गावातल्या सगळ्यात जुन्या. त्यांनी ताईचा चेहरा पाहिला. हात धरून शेजारी बसवलं, पाणी दिलं.

मग त्यांनी सांगितलं. १९४७च्या त्या रविवारी उपासना चालू असताना आधी शेवटच्या खणाचं छत खाली आलं. त्याखाली अकरा बायका गेल्या. त्यांत सत्यशीलाबाईंची थोरली बहीण हिरा होती. त्या स्वतः आठ वर्षांच्या, पुढे गाणाऱ्या मुलांमध्ये होत्या, म्हणून वाचल्या. पुन्हा बांधताना तेवढी जागा जुन्या माणसांनी मुद्दाम बाहेर ठेवली.

"हिरा हाय अजून तिथं," त्या म्हणाल्या. "भिंत हाय म्हणून ती तिकडं हाय. तू पाडू नको, बाई."

ताईने ते काम सोडलं. इंद्रजीतना तिने सगळं खरं सांगितलं. ते हसले नाहीत, पण कमिटीचा निर्णय झाला आहे, एवढंच म्हणाले. पुढे दुसऱ्या आर्किटेक्टने काम पूर्ण केलं. सत्यशीलाबाई त्याआधीच गेल्या.

यंदा फेब्रुवारीत वाढवलेल्या चर्चच्या अर्पणविधीचं आमंत्रण आलं. ताई जाईना, म्हणून मी गेलो.

चर्च खच्चून भरलं होतं. लोक भिंतींना टेकून उभे होते, बायका लेकरांना मांडीवर घेऊन खाली बसल्या होत्या.

आणि मागच्या नव्या खणातले सगळे बाक... रिकामे.

मी त्यांतल्या एका बाकाकडे निघालो. इंद्रजीतनी माझा दंड धरला.

"इथे उभे राहा माझ्याजवळ," ते हळूच म्हणाले. "तिथे जागा नाही."

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. तिकडे कोणीच पाहत नव्हतं.

मी उपासना संपेपर्यंत उभा राहिलो. मान वळवायची माझीही हिंमत झाली नाही.