सहावं पान

शुक्रवारच्या व्रताचं उद्यापन, म्हणून सगुणाबाई सकाळीच शिरूरच्या बाजारातून केळीची पानं आणि हिरव्या बांगड्या घेऊन आल्या. सवाष्णी पाच, पानं मात्र सहा. सहावं थोरल्या जाऊबाईंचं, पार्वतीबाईंचं. त्या अहेवपणी गेल्या, तीन वर्षं झाली. सगुणाबाईंच्या लेकीला, अपेक्षाला पाबळला शिकायला धाडाच, म्हणून साऱ्या घराशी भांडल्या त्या याच. त्यांच्या रिकाम्या पाटावर सगुणाबाईंनी बांगड्या ठेवल्या.

त्याच अपेक्षानं आज माजघरात पिंपाएवढा कॅमेरा मांडला होता. पोटात हेलियमनं गार केलेली चकती. इतकी गार, की तिच्यातून वीज कुठंच अडत नसे, आणि पडद्याआडच्या माणसाची ऊबसुद्धा तिला कळे. पुण्याचे साहेब तपासायला आले होते. पडद्याआडच्या माणसांचा आकडा चुकला, तर लेकीची चार वर्षं पाण्यात.

“आई, तुझ्या सवाष्णींनाच बसव पडद्याआड.”

सगुणाबाई सहाही पानं वाढून पडद्याबाहेर आल्या. खिडक्या बंद, उदबत्तीचा धूर कोंदलेला. पिंप एका लयीत धापा टाकत होतं.

स्क्रीनवर पाच उजळ बायका उमटल्या. हातांत बांगड्यांच्या काळ्या रेघा. आणि शेवटच्या पाटावर… सहावी. तिचं अंग काळंभोर, बांगड्या तेवढ्या पेटलेल्या.

“सहा दाखवतंय. बसवल्यात किती?” साहेबांनी विचारलं.

अपेक्षा पुटपुटली, “पाच…”

साहेबांनी पडदा सारला.

“पुरणपोळी पायजे तर सरळ मागा की साहेब, पडद्यातून काय बघताय!” सवाष्णींतल्या सरूबाई हसल्या. मग पदर आवळून म्हणाल्या, “मधीच लई गारठलं बाई.”

सहावं पान जेवून मिटलेलं होतं. कडेला पुरण लागलेलं.

“एक बाई जेवून उठल्या वाटतं. म्हणजे सहा बरोबर. कुठं गेल्या?”

“घरच्याच आहेत,” सगुणाबाई हळूच म्हणाल्या. “असतील इथंच.”

साहेबांनी सही केली. अपेक्षा आईच्या गळ्यात पडून रडली, हसली.

दिवेलागणीला सगुणाबाई तृप्त मनानं पाट उचलू लागल्या. सहाव्या पाटावरच्या बांगड्या नव्हत्या.

कॅमेरा केव्हाच बंद झाला होता. तरी त्या घट्ट मिटलेल्या पिंपाच्या आत काहीतरी किणकिणलं…

सगुणाबाईंनी त्याला कान लावला. “जाऊबाई… थंडी वाजतीय का?”

किणकिण थांबली. मग आतून पुन्हा वाजली. एकदाच, हो म्हटल्यासारखी.