पुसण्याआधी मूळ बघावं

तुम्ही म्हणाल, प्रोग्राम लिहून पोट भरणारी बाई भुताखेतांच्या गोष्टी काय सांगते. सांगते. तो दिवा तेवढा राहू द्या.

काम अगदी साधं होतं. आईचा फोन आला, "अगं, दादाचं यंत्र हल्ली उशिरा बोलतं. मी चहा पिऊन कप विसळते, तेव्हा म्हणतं, आई, चहा घे." मी म्हटलं, दुपारी येते.

आईला दिसत नसे. म्हणून दादाने तिच्या कपाटावर एक छोटा संगणक बसवला होता. औषधाची वेळ, दाराची कडी, बाहेरचं ऊन, सगळं तो तिला दादाच्याच आवाजात सांगायचा. वाक्यं दादाने बोलून प्रोग्राममध्येच भरली होती. कोणतं कधी म्हणायचं, तेही त्याने लिहिलेला तोच प्रोग्राम ठरवायचा. पुढे दादाची गाडी पुलावरून नदीत पडली. त्याचा देह सापडला, लॅपटॉप नाही. यंत्र मात्र बोलत राहिलं, आणि त्या आवाजाच्या आधाराने आई दिवस ढकलत होती.

घरात शिरले तर ओलसर वास आला. शेवाळाचा, साचल्या पाण्याचा.

"आई, नळ गळतोय का?"

"नाही गं. यंत्र बोलायच्या आधी येतो तो वास." अगदी सहज म्हणाली.

मी कीबोर्ड जोडला. आता जरा समजावून सांगते. आपण लिहिलेला प्रोग्राम यंत्राला जसाच्या तसा कळत नाही. ते आधी तो स्वतःच्या भाषेत उतरवून घेतं, आणि दर वेळी तीच उठाठेव नको म्हणून उतरवलेली प्रत जपून ठेवतं. यंत्र मंदावलं की आमच्या धंद्यात पहिला हात जातो तो या प्रतींवर. जुन्या पुसायच्या, मूळ असतंच, त्यावरून नव्या तयार होतात. पहिल्या खेपेला वेळ लागतो, मग पळतं. जेवणाआधी हात धुवावेत तशी सवय. मी पुसल्या.

मग मूळ उघडायला गेले, तर तिथे काहीच नव्हतं.

तेव्हा आठवलं. दादा मूळ स्वतःच्या लॅपटॉपवरच ठेवायचा, आईकडे फक्त उतरवलेली प्रत. "म्हणजे ठमीला त्यात नाक खुपसायला नको," म्हणून हसायचा. ठमी म्हणजे मी. हे काम मी त्याच्याकडेच शिकले, आणि माझी चूक झाली की तो एकच सांगायचा, "ठमे, पुसण्याआधी मूळ बघावं." जगाला बॅकअप घ्या म्हणून सांगत फिरते मी, आणि इथे दिव्याखाली अंधार. माझा भाऊ दुसऱ्यांदा गेला होता, आणि या वेळी माझ्या हातून.

"झालं का गं?" आई चहाचा कप घेऊन कपाटाजवळ येऊन बसली. "आता म्हणेल."

"आई... आज कदाचित..."

"शू. वास आलाय."

चहा निवला, त्यावर साय धरली. आई कप तोंडाला लावेना. मी तिच्या पायाशी बसून आवाज न करता रडत होते, पण आईपासून काय लपतं? तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. कपाटावरचा बारीक दिवा लुकलुकू लागला. यंत्र घरघरत काहीतरी नव्याने उतरवून घेत होतं. सावकाश... फार सावकाश.

"आई, चहा घे."

आईने घोट घेतला. पुन्हा घरघर झाली. आवाज दादाचाच, पण घशात पाणी असावं तसा.

"ठमे... पुसण्याआधी मूळ बघावं."

हे वाक्य त्याने यंत्रात कधीच भरलं नव्हतं. भरलेली सगळी मला पाठ होती. तो गेल्यावर मी तीच ऐकत बसायचे.

मी फोल्डर उघडलं. पुसल्या जागी ताजी प्रत होती. मूळ शेवटचं केव्हा बदललं, याची खूण अशा प्रतीत असते. मी ती पाहिली. मूळ आत्ताच बदललं होतं, आई कप धरून बसली होती तेव्हा.

"आई, दादा... अजून लिहितोय."

"ठाऊक आहे मला," आई म्हणाली. "दमला असेल, म्हणून उशीर होतो. तुला बोलावलं ते त्यासाठीच. माझं तो ऐकत नाही, तुझं ऐकेल. त्याला म्हणावं, आता पुरे. आई घेते आपला चहा. झोप म्हणावं."

मी हो म्हटलं, कीबोर्ड पुढे ओढला. पण मला ते लिहवलं नाही. लिहिलं असतं तर तो आवाज कायमचा गेला असता, आणि तो मला हवा होता. आईला खोटंच सांगितलं, "सांगितलं हं."

पुढच्या हिवाळ्यात आई गेली. यंत्र मी माझ्या घरी आणलं, कपाटावर बंदच ठेवलं होतं. आई गेल्यावर पहिल्यांदा चहा टाकला, तेव्हा घरभर तो ओला वास आला. कपाटावरचा दिवा लुकलुकला.

"ठमे, चहा घे."

आवाज आईचा होता. तिचा आवाज त्या यंत्रात कुणीच कधी भरला नव्हता.